हसत बोलणाऱ्या पेशंटचं दुखणं: नर्सिंगच्या संशोधनात ‘व्हिनेट’ वापरलंय का कोणी?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. १४ वर्षं स्टाफ नर्स आहे, आता रत्नागिरीत राहून एम.एस्सी. नर्सिंग करतेय. माझा विषय आहे, ऑपरेशननंतरचं पेशंटचं दुखणं नर्सेस कसं जोखतात. सुरुवातीला साधी प्रश्नावली केली आणि पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीला, ओळखीच्या दहा जणींना दिली. त्यात एक प्रश्न होता, ‘पेशंट सांगेल तेवढं दुखणं तुम्ही खरं मानता का?’ सगळ्यांनी ‘नेहमी’वर खूण केली. एकीनेही ‘कधीकधी’ नाही. आणि त्याच आठवड्यात वॉर्डात माझ्या कानांनी ऐकलं, ‘ती बघ मोबाईलवर खिदळतेय, तिला कसलं आलंय दुखणं.’ हे वाक्य मीही बोललेय पूर्वी, खोटं कशाला सांगू, आणि तेव्हा ते मला चुकीचं वाटलंही नव्हतं. म्हणूनच हा विषय घेतला.

गाईड मॅडम म्हणाल्या सरळ विचारू नकोस, व्हिनेट दे. म्हणजे एक छोटा काल्पनिक प्रसंग लिहायचा आणि ‘इथे तुम्ही काय कराल’ विचारायचं. दुखण्याच्या बाबतीत याचं गाजलेलं उदाहरण मार्गो मॅककॅफरी आणि बेटी फेरेल या अमेरिकन नर्स-संशोधकांच्या प्रश्नावलीत आहे. अँड्र्यू आणि रॉबर्ट, दोघं २५ वर्षांचे, दोघांच्या पोटाचं ऑपरेशन होऊन पहिला दिवस, दोघांचं बीपी १२०/८०, नाडी ८०, श्वास १८, दोघंही सांगतात दुखणं १० पैकी ८. फरक एवढाच की अँड्र्यू हसतोय, आल्यागेल्याशी गंमत करतोय आणि रॉबर्ट गप्प पडून तोंड वाकडं करतोय. नर्सने चार्टवर आकडा किती लिहायचा आणि औषध किती द्यायचं ते ठरवायचं. उत्तर दोघांचं एकच यायला हवं, पण हसणाऱ्याला आकडा कमी मिळतो असं त्यांना वारंवार दिसलं.

आता माझी अडचण. हे आपल्याकडे कसं आणायचं? आणि मनाने रचलेल्या गोष्टीवर मिळालेल्या उत्तराला खरंच डेटा म्हणायचं का? कोणी हे काम केलं असेल तर लिहा प्लीज.

आंबोळी
व्हिनेट म्हणजे लग्नपत्रिकेच्या कडेला वेलबुट्टी असते तीच ना? आमच्या प्रेसमध्ये हा शब्द होता.

खाडीकाठची
हो हो, मूळ तोच! फ्रेंच शब्द आहे, द्राक्षाची छोटी वेल. पुस्तकाच्या पानावर काढायचे ती नक्षी, मग छोटं चित्र आणि मग छोटं शब्दचित्र.

सुरंगी
मी समाजशास्त्रात पीएच.डी. करताना वापरलंय, विषय वेगळा होता, म्हाताऱ्या आईबापांकडे कोणी बघायचं हा. आमच्याकडे यासाठी पहिलं नाव घेतात जॅनेट फिंच यांचं, १९८७ चा लेख. नात्यागोत्यातल्या जबाबदाऱ्यांबद्दल लोकांना काय वाटतं ते त्यांनी ब्रिटनमध्ये असं विचारलं. त्यांची गोष्ट टप्प्याटप्प्याने पुढे जायची, आधी एवढं घडलं, आता काय करावं, मग परिस्थिती बदलली, आता काय करावं.

त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे ‘गोष्टीतल्या बाईने काय करावं’ असं विचारणं, ‘तुम्ही काय कराल’ असं नाही. तिसऱ्याबद्दल माणूस मोकळं बोलतो. गुहागरच्या बाजूला एका मावशींना मी सरळ विचारलं होतं, मुंबईचा मुलगा बघतो का तुम्हाला, तर ‘हो गं, सोन्यासारखा आहे’ म्हणाल्या आणि विषय संपला. मग गोष्टीतल्या बाईबद्दल विचारलं तर पाऊण तास बोलत होत्या, त्या बाईच्या मुलाने गणपतीला येऊन नुसतं मखर करून जाऊ नये, आईचं डोळ्याचं ऑपरेशन कधी करायचं ते ठरवून जावं, असं सगळं. शेवटी पदर डोळ्याला लावला.

पण फिंचबाईंनी एक बजावलंय तेही लिहिते. लोक ‘काय करावं’ सांगतात ते त्यांचं योग्य-अयोग्य असतं. ते स्वतः काय करतात ते त्यातून कळत नाही. या दोन गोष्टी एक धरल्या तर संशोधन फसलं.

बंदरावरचा
मला तर इथेच आक्षेप आहे, सुरंगीताई, तुम्ही शेवटी लिहिलंत तेच माझं पहिलं वाक्य. मी आरोग्य खात्याच्या सर्व्हेची कामं केलीत बरीच वर्षं. जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर यांचं दिल्लीतल्या डॉक्टरांवरचं काम बघा. आधी डॉक्टरांना प्रसंग देऊन विचारलं, असा पेशंट आला तर काय विचाराल, काय तपासाल. नंतर त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून ते प्रत्यक्ष काय करतात ते पाहिलं. सांगितलं त्यापेक्षा केलं कमी. माहीत असणं आणि करणं यातली दरी असं म्हणतात त्याला. बिहारमध्ये लहान मुलांच्या जुलाबावर असाच अभ्यास झाला, गोष्टीत ओआरएस देणारे बरेच होते आणि खरा वाटावा असा माणूस दवाखान्यात पाठवला तर हातात दुसरीच औषधं. मग खाडीकाठची यांच्या गोष्टीवरून वॉर्डातलं काय कळणार? वॉर्डात उभं राहून बघा ना सरळ.

खाडीकाठची
@बंदरावरचा, वॉर्डात उभी राहिले तर दोन अडचणी आहेत दादा. एक, मी बघतेय म्हटल्यावर सगळ्या नीटच वागणार. दुसरी, दोन पेशंट कधी सारखे नसतात. एकीला शुगर असते, एकीचा नवरा भांडत असतो, एकीला डोस अर्ध्या तासापूर्वी मिळालेला असतो. चेहऱ्यामुळे फरक पडला की बाकी कशामुळे ते मी कसं वेगळं काढणार? गोष्टीत बाकी सगळं तेच ठेवून फक्त चेहरा बदलता येतो.

त्रैराशिक
खाडीकाठची यांचं बरोबर आहे. बंदरावरचा यांचं पण बरोबर आहे, फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतायत. ‘वॉर्डात किती जणींना औषध कमी मिळतं’ हे गोष्टीवरून कळणार नाही. ‘हसरा चेहरा बघून नर्सचा अंदाज सरकतो का’ हे कळेल.

आणि व्हिनेट म्हणजे अगदीच पोकळ असंही नाही. जॉन पीबडी आणि सहकाऱ्यांनी २००० साली डॉक्टरांवर तिन्ही पद्धती लावून पाहिल्या, पेशंट बनून जाणारे प्रशिक्षित लोक, लिखित प्रसंग आणि केसपेपर. पेशंट बनून गेलेल्यांनी टिपलेल्या कामाच्या जास्त जवळ गेले ते प्रसंग, केसपेपर मागे पडले. कारण उघड आहे, केलेलं सगळं कागदावर कोण लिहितं?

नाइटड्युटी
मी हे लिहू की नको विचार करत होते. मी असा फॉर्म भरलाय. खाजगी हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा कोणीतरी विद्यार्थिनी आली होती, दुखण्याचीच गोष्ट होती, बहुतेक हेच अँड्र्यू-रॉबर्ट मराठीत नावं बदलून. नाइट संपवून सकाळी ८ ला हँडओव्हर देत होते तेव्हा इन्चार्ज सिस्टरांनी फॉर्म हातात दिला, भरून माझ्याकडेच दे म्हणाल्या. दोन्ही गोष्टी एकाच पानावर, वर एक आणि खाली एक. दुसरी वाचायला घेतली आणि लगेच कळलं की अगं हे तर सारखंच आहे, फक्त एक हसतोय. मग काय, दोघांना ८ लिहिलं. खरं सांगते, तो हसणारा एकटाच दिला असता तर मी ४ लिहिलं असतं. त्या मुलीला मी खोटा डेटा दिला आणि तिला कधीच कळणार नाही.

आणखी एक. त्या गोष्टीत मला फक्त एकच पेशंट होता. माझ्या वॉर्डात तेव्हा ३० च्या वर होते आणि एका बेडवर नवजात बाळ घेऊन रडणारी आई. दुखतंय म्हणणाऱ्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

सुरंगी
नाइटड्युटी, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे, थँक यू. यावरूनच सांगते खाडीकाठची, फॉर्म इन्चार्जमार्फत अजिबात देऊ नका. नाव नको, पाकीट बंद आणि पेटी तुमच्या स्वतःच्या हातात.

त्रैराशिक
आणि एका नर्सला एकच चेहरा द्या. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना हसरी, निम्म्यांना कण्हणारी. त्याला संख्या जास्त लागेल पण नाइटड्युटी यांनी सांगितलं ते टळेल.

अजून हाव सुटू देऊ नका हेही सांगतो. पीटर रॉसी यांनी फॅक्टोरियल सर्व्हे म्हणून पद्धत काढली, त्यात गोष्टीतला एकेक धागा बदलत जातात. छान आहे. पण चेहरा दोन प्रकारचा, वय दोन प्रकारचं, बाई की पुरुष असं केलंत की २×२×२ म्हणजे ८ गोष्टी झाल्या. ६० नर्स असतील तर एकेका गोष्टीला सात-आठ जणी. त्यावरून काय बोलणार? मग कोणीतरी सुचवेल की एकीला ४ गोष्टी द्या म्हणजे २४० उत्तरं होतील. होतील, पण त्या २४० नर्स नव्हेत, ६०च आहेत. एकाच बाईची चार उत्तरं एकमेकींच्या बहिणी असतात, हिशेब तसा लावावा लागतो.

मासळीबाजार
माझी आवस मालवणच्या बाजारात ३० वर्सा मासे इकत होती. पित्ताशयाचा ऑपरेशन झाला तेव्हा सिस्टर इली की हसान सांगी, ‘बरा आसा गे बाय माका.’ सिस्टर गेली की आमका सांगी पोट फाटता म्हणान. सिस्टरीचा काय चुकला नाय, तिका जा दिसला ता तिना लिवला. आवशीक वाटा, सिस्टरीक आपलो तरास कित्याक. तुमच्या गोष्टीत ह्या ‘बरा आसा’ येवकच व्हया.

खाडीकाठची
@मासळीबाजार डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे हसणं म्हणजे दुखत नाही असं नसतंच, समोरच्याला त्रास नको म्हणून हसतात.

पण यात मला एक फरक दिसतोय, चुकत असेन तर सांगा. अँड्र्यू हसतो पण विचारल्यावर ८ सांगतो. तुमच्या आई विचारल्यावरही ‘बरं आहे’ सांगत होत्या. म्हणजे हा तिसराच प्रकार झाला, तिथे नर्सने पेशंटच्या शब्दावर विश्वास ठेवला तरी चूक होते.

बंदरावरचा
आणि आमच्याकडचे म्हातारे १० पैकी वगैरे सांगतच नाहीत. ‘रुपयात बारा आणे दुखतंय.’ १९५७ ला नवे पैसे आले पण दुखणं अजून आण्यांतच आहे.

आंबोळी
माझे आजोबा डॉक्टरना सांगायचे ‘चार आणे फरक आहे’. डॉक्टर पण विचारायचे, ‘उरलेले बारा आणे कुठे दुखतंय?’ 😄

त्रैराशिक
आणे ऐकायला गोड आहेत पण मुख्य गोष्टीत घालू नका. १६ पैकी १२ म्हणजे १० पैकी साडेसात. नर्सने ६ लिहिलं तर तिने विश्वास ठेवला नाही की तिचा हिशेब तसा झाला, कसं ओळखणार? नव्या मुलींना तर आणे माहीतही नसतील. पेशंटच्या तोंडी ‘दहातलं आठ’ ठेवा.

बकुळ
आण्यांवरून आठवलं. ‘मध्यम दुखतंय’ हे प्रत्येकाचं वेगळं असतं, प्रत्येकाची पायली वेगळी. त्यासाठीही व्हिनेट वापरतात. गॅरी किंग आणि इतरांचा २००४ चा पेपर आहे. सरकारदरबारी तुमचं किती चालतं असं लोकांना विचारलं तर चीनमधल्या लोकांनी मेक्सिकोवाल्यांपेक्षा स्वतःला वरचढ सांगितलं. मग सगळ्यांना त्याच त्या काल्पनिक माणसांच्या गोष्टी दिल्या, यांचं किती चालतं ते जोखायला सांगितलं आणि त्या मापाने मूळ उत्तरं लावली, तर क्रम उलटा झाला. डब्ल्यूएचओने हीच युक्ती आरोग्याच्या सर्व्हेत वापरलीय. म्हणजे गोष्ट हे मापही होऊ शकतं.

सावित्रीकाठ
महाडच्या बाजूचा आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलंय. आम्ही ट्रेनिंगमध्ये विंचवाचा प्रसंग देतो. डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच भागात काम केलं, लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरल्याचा त्यांचा लेख १९८६ ला लॅन्सेटमध्ये आला. प्रसंग असा. दोन पेशंट येतात. एक ठणका लागलाय म्हणून ओरडतोय, पण हातपाय गरम, बाकी काही नाही. दुसरा गप्प आहे, दुखणं फारसं सांगत नाही, पण घामाने डबडबलाय, उलटी झालीय, हातपाय गार. आधी कोणाकडे धावाल? नवीन मुली हटकून ओरडणाऱ्याकडे जातात. धोका गप्प असलेल्याला आहे, विष अंगात भिनलंय, हृदय-फुफ्फुसावर जाऊ शकतं.

हे इथे लिहायचं कारण, आमच्या प्रसंगाला एकच बरोबर उत्तर आहे, तो ज्ञानाची परीक्षा घेतो. तुमचा प्रसंग नर्सचा कल बघतोय. तिने ४ लिहिले तर ती नापास झाली असं तिला वाटता कामा नये. फॉर्मच्या वरच ‘यात बरोबर-चूक नाही’ लिहा आणि खाली ‘असं का ठरवलंत’ म्हणून दोन ओळी मोकळ्या सोडा. आकड्यापेक्षा त्या दोन ओळीत जास्त सापडतं.

खाडीकाठची
किती मदत केलीत सगळ्यांनी! आता मूळ घोळ सांगते जो पहिल्या पोस्टमध्ये सांगायचा धीर झाला नाही. पहिला मसुदा मी खूप ‘आपला’ केला होता. बाई देवगडची, नवरा बोटीवर, मुलगी मुंबईला, आंब्याच्या कलमावरून पडून ऑपरेशन. एका सिस्टरला वाचायला दिला तर ती म्हणाली, ‘अगं ही आमच्या आळीतली ना? बरी झाली का ती?’ मी घाबरलेच. मी कोणालाच डोळ्यासमोर ठेवलं नव्हतं, पण आपल्याकडे वाडीत चार घरं, तपशील जुळायला किती वेळ लागतो. पुढे ती त्या आळीतल्या बाईबद्दलच उत्तरं देत होती, ती मुळातच रडवी आहे वगैरे.

सुरंगी
हे शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही. गोष्ट जवळची वाटली पाहिजे पण कोणाच्या दारात जाऊन उभी राहता कामा नये. गाव काढा, नवऱ्याचा धंदा काढा, अपघात काढा. बोलण्याची पद्धत ठेवा, ‘बरं आहे गो’ ठेवा. जवळीक बोलीतून येते, पत्त्याची गरज नसते. आणि हे एथिकल कमिटीपुढेही मांडा. कोणाला स्वतःची आई आठवून त्रास झाला तर फॉर्म मध्येच सोडायची मुभा आणि बोलायला कोणीतरी माणूस हवं.

खाडीकाठची
दोन दिवस बसून परत लिहिलं. हसऱ्या चेहऱ्याची गोष्ट अशी:

‘शेवंतीबाई, वय ५२. काल सकाळी पोट उघडून गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं. आता रात्रीचे २ वाजलेत. वॉर्डात ३२ पेशंट आहेत, नर्स तुम्ही एकट्याच. शेवंतीबाई संध्याकाळी पेज प्यायल्या. बीपी १२०/८०, नाडी ८०, श्वास १८. त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईशी हसत बोलतायत. तुम्ही विचारल्यावर म्हणतात, “बरं आहे गो बाय, पण दुखतंय. दहातलं आठ.” चार्टवर तुम्ही कोणता आकडा लिहाल? आत्ता काय कराल? का?’

दुसऱ्या गोष्टीत फक्त ‘शेजारच्या खाटेवरच्या बाईशी हसत बोलतायत’च्या जागी ‘डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून पडल्यात’. मूळ प्रश्नावलीत मॉर्फिन आहे, ते काढलं, आमच्याकडे वॉर्डात नसतंच.

मोठ्या सिस्टर
मी ३४ वर्षं नोकरी करून रिटायर झाले. धागा सगळा वाचला, छान काम करतेयस बाळा. पण हे वाचून नर्स कुठे कुठे अडकेल ते सांगते.

रात्री २ वाजता ३२ पेशंटच्या वॉर्डात कोणी हसत गप्पा मारत नाही, दिवे मालवलेले असतात. नर्स म्हणेल हे कोणी बाहेरच्याने लिहिलंय. रात्रीचे ९ कर, नातेवाईक घरी गेलेत, ड्युटी नुकतीच बदललीय. पेज काढून टाक. पोटाच्या ऑपरेशननंतर तोंडाने कधी काय द्यायचं ते डॉक्टर सांगतात, वाचणारी सिस्टर ‘पेज कोणी दिली हिला’ यातच राहील, दुखणं बाजूलाच. ‘काल सकाळी’ पण नीट कर, रात्री २ वाजता काल म्हणजे कुठला काल? तारीख बदललेली असते आणि आपण चार्ट तारखेने लिहितो. ‘ऑपरेशनचा पहिला दिवस’ लिही.

आणि सगळ्यात मोठं राहिलंय. डॉक्टरांची औषधाची ऑर्डर काय आहे ते कुठेय? शेवटचा डोस कधी दिला? त्याशिवाय कुठलीच नर्स इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरवू शकत नाही, मीही ठरवणार नाही. ‘ट्रॅमाडोल ५० मिग्रॅ, दुखल्यास, कमीत कमी ६ तासांच्या अंतराने. शेवटचा डोस दुपारी २ वाजता’ असं घाल. आता तिच्यापुढे द्यायचा रस्ता मोकळा आहे. न देणारी न देईल ती स्वतःच्या मनाने, ऑर्डर नाही म्हणून नव्हे.

नाइटड्युटी
मोठ्या सिस्टर 🙏 हेच. ऑर्डर नसलेल्या गोष्टीत मी नेहमी ‘डॉक्टरांना कळवेन’ लिहून मोकळी होते.

बंदरावरचा
वॉर्डात उभं राहून बघा हे माझं म्हणणं अजून आहे, पण निदान आता यातून काय कळणार आणि काय नाही ते तुम्ही प्रबंधात नीट लिहाल याची खात्री वाटते.

खाडीकाठची
लिहीन दादा, मर्यादांच्या प्रकरणात पहिलंच तुमचं वाक्य जाईल.

मोठ्या सिस्टर, सगळं बदललं. ९ वाजले, पेज गेली, ऑर्डर आली. काल संध्याकाळी ज्या सिस्टरने ‘आमच्या आळीतली’ म्हटलं होतं तिलाच नवीन कागद वाचायला दिला. या वेळी कोण कुठली काही विचारलं नाही. दोनदा वाचला, उत्तरं लिहिली, पाकीट बंद करून पेटीत टाकलं. मग निघताना जिन्यात थांबून म्हणाली, ‘त्या शेवंतीबाईंना शेवटी इंजेक्शन दिलं का गं कोणी?’